तोंड उघडं ठेवा

मित्रांनो, आधी एक करून पाहा. तळहात तोंडासमोर धरा आणि हळूच श्वास सोडा. लागली ना ऊब? आता खिडकीतल्या कुंडीतल्या एखाद्या पानापाशी हात न्या. काहीच लागणार नाही. तुम्ही म्हणाल, पान कुठे श्वास सोडतं? सोडतं. पण इतकं हलकं, की ते ओळखायला माझ्यासारखं कुणीतरी लागतं.

मी एक चिमटा आहे. आता जुना झालो आहे. तुमच्या स्वयंपाकघरात गॅसपाशी असतो त्या चिमट्याचा मी लांबचा भाऊ. पण मी गरम काही उचलत नाही, मी पान धरतो. मला दोन जबडे आहेत. प्रत्येक जबड्यात एक छोटी पोकळ डबी आणि डबीच्या कडेने काळ्या मऊ रबरी स्पंजाची कडी. या दोन कड्या म्हणजे माझे ओठ. पान मध्ये ठेवून मी तोंड मिटलं, की पानाचा तेवढा तुकडा माझ्या तोंडात बंद होतो. पाठीमागून एक नळी जाते ती पेटीकडे. पेटीत एक लहानसा पंप आणि एक दिवा आहे. दिव्याचा उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण श्वासातून बाहेर पडणारा वायू तो उजेड गिळतो. वायू जास्त, तर पलीकडे पोचणारा उजेड कमी. मग पेटीवरच्या पडद्यावर रेघ वर चढते. माझं सगळं शास्त्र एवढंच आहे.

मी एका कारखान्यात लांबलचक टेबलावर तयार झालो. डोक्याला टोपी घातलेल्या एका बाईने माझे ओठ बसवले, तेही चिमट्याने धरून. मग तिने मला दोनदा उघडून मिटून पाहिलं, कान जवळ नेऊन आवाज ऐकला आणि शेजारणीला म्हणाली, "याचं तोंड छान बसलंय." आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी.

तिथून मी आलो तो एका शेतावर. हे विकायला धान्य पिकवायचं शेत नव्हतं, पिकांवर प्रयोग करायचं होतं. मला ज्यांच्यासाठी मागवलं होतं त्यांना सगळे नुसतं बाई म्हणत. त्यांच्या खोलीत पानं वाळवायची भट्टी होती, तराजू होता आणि कायम ठिबकणारा नळ होता. अंगणापलीकडे दुरुस्तीची खोली. तिथे त्यांचे यजमान काम करत. पंप, तराजू, कुलपं, काहीही बिघडलं की त्यांच्याकडे जायचं. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. माझी पेटी पहिल्यांदा उघडली ती त्यांनीच.

"अगं, एवढी मोठी पेटी, आणि आत चिमटा?" ते म्हणाले.

"तो साधा नाही हं. त्याला नीट धरा."

"बरं. या चिमटराव." त्या दिवसापासून माझं नाव चिमटराव.

बाईंनी मला पहिल्याच दिवशी शिस्त लावली. काम संपलं की त्या ओठ ओल्या फडक्याने पुसत, आणि पेटीत ठेवताना माझं तोंड उघडं ठेवत. मिस्त्रींनी एकदा सवयीने ते मिटलं. बाई म्हणाल्या, "उघडं ठेवा. ओठ दाबलेले राहिले की चपटे होतात. मग मिटले तरी फटी राहतात."

"म्हणजे याने तोंड उघडं ठेवायचं, आणि मी बोललो की मला गप्प करायचं."

"तुम्ही पेटीत जात नाही ना," बाई म्हणाल्या.

बाईंचा प्रयोग गव्हावर होता. काही वाफ्यांना युरिया अजिबात नाही, काहींना बेताचा, काहींना भरपूर. वाफ्यांच्या खुंट्यांवर त्यांनी रंगाने लिहिलं होतं: उपाशी, पोटभर, लाडावलेले. त्यांच्या साहेबांना ते आवडलं नव्हतं. "बाई, पाहुणे येतात हो बघायला," ते म्हणाले. बाई म्हणाल्या, "येऊ देत. विचारावं तरी लागणार नाही त्यांना."

आता हे सगळं कशासाठी, ते सांगतो. युरियात नत्र असतं. नत्रातून पानाच्या आत प्रथिनं बनतात. ती पानाची कामकरी मंडळी. मंडळी जास्त असली की पान हिरवंगार होतं, अन्न जास्त बनवतं. पण मंडळी बाळगायला खर्चही येतो. त्यांना पोसायचं, मोडलं ते दुरुस्त करायचं. यासाठी पान आपल्याच अन्नातलं थोडं जाळतं, आणि त्याचा जो वायू बाहेर पडतो तोच त्याचा श्वास. म्हणून लाडावलेली पानं उपाशी पानांपेक्षा जोराने श्वास घेतात. बाईंनी हे मिस्त्रींना समजावलं तेव्हा ते म्हणाले, "आपल्या घरासारखंच की. पाहुणे वाढले की शेगडी विझतच नाही."

दिवसा एक अडचण असते. उन्हात पान अन्न बनवत असतं आणि तोच वायू आत ओढत असतं. त्या गडबडीत त्याचा श्वास ऐकू येत नाही. म्हणून पानाला आधी अंधारात ठेवावं लागतं. बाईंनी जुन्या छत्रीचं काळं कापड कापून पानांसाठी लहान लहान झबली शिवली होती. मोजायच्या आधी पानाला झबलं घालायचं, वाट पाहायची, मग आतल्या आत मला लावायचं. लांबून पाहणाऱ्याला वाटे, या बाई गव्हाला का नटवताहेत?

पेटीची बॅटरी जड होती. ती उचलायला मिस्त्री यायचे. उचलून झाली की खरं तर त्यांनी जायला हवं होतं. ते जात नसत. बांधावर टेकून गोष्टी सांगत. कुणाचा पंप उलटा बसवला होता, कुणी कुलपात चावी मोडून वर ती आपली नव्हेच म्हणून सांगितलं. आणि माणसाच्या श्वासात पानापेक्षा कितीतरी जास्त वायू असतो, मित्रांनो. ते पेटीजवळ आले की पंप तो वायू ओढून घेई आणि माझी रेघ लटपटायची.

"अहो, मागे सरा. मला तुमचे श्वास मोजायचे नाहीयेत."

"मी लांबच आहे."

"रेघ सांगतेय कुठे आहात ते."

मग ते दोन पावलं मागे जाऊन तीच गोष्ट जरा मोठ्याने सांगत आणि शेवटी बाईच हसत. त्यांच्या हसण्याचा एक उंचवटा रेघेवर उमटे. तो आकडा बाई वगळत. मला तो पाठ होता.

बाईंना कळायचं होतं ते हे. कोवळं असताना पान वाढत असतं, तेव्हा त्याला जास्त धाप लागते. पीक पोटरीत आलं, म्हणजे पोटात ओंबी धरली, मग ती बाहेर पडली, की श्वास संथ होत जातो. मग ओंबीतल्या दाण्यात दूध भरू लागतं, आणि पान आपलं नत्र दाण्याकडे पाठवायला लागतं. लाडावलेल्या पानाने आयुष्यभर जास्त खाल्लेलं. सगळं देऊन टाकल्यावर त्याचा श्वास इतरांइतकाच होतो, की त्याची धाप शेवटपर्यंत उरते?

"काही जणांची सवय जात नाही," असं म्हणून बाईंनी बांधाकडे पाहिलं होतं.

पहिल्या वर्षी वाटलं, धाप उतरते. दाण्यात दूध भरलं तेव्हा सगळ्यांच्या रेघा खाली आल्या, लाडावलेल्यांची तर पार इतरांच्या बरोबरीला. साहेब खूश झाले. शेतकऱ्यांना युरिया किती आणि कधी घालावा हे सांगायच्या पुस्तिकेत हे घेऊ म्हणाले. बाई म्हणाल्या, "एका वर्षावर काय सांगायचं? पुन्हा पेरू या."

दुसऱ्या वर्षी पुन्हा पेरलं. सगळं तसंच चाललं होतं. दाणा दाबला की दूध यायला लागलं. त्या सकाळी बाईंनी लाडावलेल्या वाफ्यातल्या एका पानाला झबलं घातलं, मला लावलं आणि म्हणाल्या, "जरा बसते." त्या बांधावर बसल्या. मिस्त्रींना वाटलं आपली गोष्ट लांबली. मग त्यांनी बाईंचा चेहरा पाहिला. त्यांनी धावत येऊन पेटी बंद करायला घेतली तेव्हा बाई म्हणाल्या, "राहू दे. पान अजून व्हायचंय."

घाईत मला ओढताना पान तुटलं. त्याचा तुकडा माझ्या तोंडातच राहिला. बाईंना गाडीत घालून नेलं. त्या परत आल्या नाहीत.

काही दिवसांनी मिस्त्रींनी मला पेटीत ठेवलं. तोंड मिटलेलं, पान आत. त्यांनी पट्टा आवळला आणि दुरुस्तीच्या खोलीतल्या कपाटात पेटी ठेवून कुलूप लावलं.

मी ते पान धरून होतो. ते सुकत गेलं. पंप बंद होता, त्यामुळे रेघ नव्हती. पण ओठांमध्ये धरलेली गोष्ट आक्रसते तेव्हा कळतं. कपाटाबाहेरचं मला ऐकू यायचं. पूर्वी त्या खोलीतून गोष्टी ऐकू येत, आता नुसती कानस घासल्याचा आवाज. मिस्त्रींची थोरली बहीण त्यांच्याकडे राहायला आली होती. तिला ते आक्का म्हणत. ती दुपारी डबा घेऊन येई.

"अरे, भाजी कशी झालीय?"

"हं."

"हं म्हणजे काय? खारट, अळणी, काहीतरी म्हण. मी एवढी चालत येते ते हं ऐकायला?"

यावर पुन्हा कानस सुरू होई.

पुढच्या हंगामात साहेबांनी वाफे पुन्हा पेरून घेतले, आणि ओंब्या बाहेर पडल्यावर बाईंच्या जागी एक तरुण बाई आल्या. सगळे त्यांना धाकट्या बाई म्हणू लागले. उन्हाने उडालेली खुंट्यांवरची नावं त्यांनी पुन्हा रंगवली, तीच. मग त्या दुरुस्तीच्या खोलीत आल्या.

"मिस्त्रीकाका, पानांचा चिमटा तुमच्याकडे आहे म्हणतात."

"नादुरुस्त आहे."

"काय झालंय त्याला?"

मिस्त्रींनी कानस उचलली. पण धाकट्या बाई जाईनात. शेवटी त्यांनी चावी काढून टेबलावर ठेवली आणि कानस घासायला लागले.

धाकट्या बाईंनी माझं तोंड उघडलं. आत ते पान, वाळून कागद झालेलं. त्यांनी ते फेकलं नाही. दोन काचपट्ट्यांमध्ये ठेवून कडा चिकटवल्या. मग खोलीत रिकाम्या तोंडाने मला चालवून पाहिलं. रेघ सरळ. त्या खूश होऊन मला शेतात घेऊन गेल्या.

आणि शेतात मी भलतंच सांगू लागलो. उपाशी पान असो की लाडावलेलं, सगळी धापा टाकत होती. खालचं अर्धं पिवळं पडलेलं पान लावलं, तर तेही पळून आल्यासारखं. धाकट्या बाई रेघेकडे अगदी वाकून पाहत होत्या. जितक्या वाकत तितकी रेघ वर.

साहेब खोलीत येऊन आकडे बघून गेले. जाताना म्हणाले, "बाईंच्या आकड्यांशी याचा काहीच मेळ नाही. बाई हुशार होत्या, त्यात शंका नाही. पण हेच यंत्र तेव्हाही असंच वागत असेल तर? दाण्यातलं दूध वाळायच्या आत खुलासा झाला तर ठीक. नाहीतर बाईंचं सगळं काम बाजूला ठेवू."

मिस्त्री तिथेच होते. ठिबकणारा नळ त्या दिवशी त्यांनी एकदाचा उघडून बसवायला घेतला होता. त्यांनी हातातला लोखंडी पाना खाली ठेवला आणि नळ तसाच सोडून निघून गेले.

धाकट्या बाई माझ्यासमोर हनुवटीवर हात ठेवून बसल्या. "खोलीत सरळ आणि शेतात वेडावाकडा, असं का? खोलीत मी कुठे होते? दाराशी. शेतात? अगदी जवळ." त्या स्वतःशीच बोलत होत्या. त्यांनी शीतपेयाची एक नळी घेतली, माझं तोंड रिकामंच मिटलं आणि ओठांच्या कडेने नळीतून हळूहळू फुंकर घालत गेल्या. पुढून काही नाही. डावीकडून काही नाही. उजव्या बाजूला रेघ एकदम उडाली. तिथे बोट फिरवलं, तर स्पंजात एक अरुंद खळगा होता. त्यांनी काचपट्टीतलं पान आणून त्यावर धरलं. बरोबर त्या पानाएवढा. बाकीचा ओठही दबून कडक झाला होता, आणि खळग्यातून त्यांचा स्वतःचा श्वास आत येत होता.

मला आणि पानाला घेऊन त्या दुरुस्तीच्या खोलीत गेल्या.

"काका, चिमटा नादुरुस्त नाही. याचे ओठ गेलेत फक्त. हा खळगा बघा, आणि हे पान."

मिस्त्रींनी काचपट्टी उजेडात धरली. बराच वेळ धरली. "तिने लावलेलं," ते म्हणाले. "व्हायचंय अजून, म्हणाली होती. मग मी कसं उघडू?"

धाकट्या बाईंनी समजूत घातली नाही. त्या म्हणाल्या, "दुसरं पान लावू आपण. त्याच वाफ्यातलं. पण नवे ओठ कारखान्यातून यायला फार दिवस जातील, आणि दूध वाळत चाललंय."

"बघतो."

आधी त्यांनी खुर्चीच्या गादीतला स्पंज कापला. तो मऊ होता, पण त्याच्या आरपार हवा जात होती. रेघ नाचली. मग चपलेचा तळ कापला. तो टणक निघाला, पानावर वळ उठला. तिसऱ्या दिवशी त्यांनी कुठूनसं जाड, काळं, दाबलं की परत फुगणारं काहीतरी आणलं. त्याच्या कड्या कापून त्या चिकटवत होते, तेवढ्यात आक्का दारात आली. हातात व्यायामाची चटई, आणि चटईच्या मधोमध गोल भोक.

"हे काय आहे?"

"चटई," मिस्त्री म्हणाले.

"चटई मला दिसतेय. भोक काय आहे? डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सांगितलेली माझी चटई."

"कोपरा पातळ होता. मधे जाड आहे."

"म्हणजे निवडून कापलंस." आक्का स्टुलावर बसली. "बरं झालं. आता व्यायाम का केला नाही म्हणून कुणी विचारायला नको." मग म्हणाली, "तीन वाक्यं बोललास की रे आज. आधी सांगितलं असतंस तर मीच कापून दिली असती."

त्या चटईचे ओठ मला बसले, मित्रांनो. धाकट्या बाईंनी नळीने चहूबाजूंनी फुंकर घातली. रेघ हलली नाही. त्यांनी माझ्या ओठांपाशी येऊन जांभई दिली, तरी नाही.

दुसऱ्या दिवशी बॅटरी उचलायला मिस्त्री आले. वर्षभरात ते त्या बांधावर आले नव्हते. बॅटरी ठेवून ते लांब जाऊन उभे राहिले. खिशातून त्यांनी छत्रीच्या कापडाची झबली काढून दिली. ती त्यांच्याकडेच होती. मी पानामागून पान मोजलं. उपाशी, पोटभर, लाडावलेली. सगळ्यांचे श्वास संथ झाले होते. पान वयस्क झालं की जसं व्हायला हवं तसं. बाईंनी मोजलेलं खोटं नव्हतं. शेवटचं पान त्या लाडावलेल्या वाफ्यातलं राहिलं. धाकट्या बाईंनी त्याला झबलं घातलं, वाट पाहिली, मला लावलं. बांधावर कुणी हललं नाही. मला वाटतं, मिस्त्रींनी तेवढा वेळ श्वासच घेतला नाही.

रेघ खाली आली आणि थांबली. पण इतरांइतकी खाली नाही. एवढीशी वर.

"आली खाली," धाकट्या बाई म्हणाल्या, "पण बरोबरीला नाही आली. सगळ्या लाडावलेल्यांचं आज असंच आहे. बाईंच्या पहिल्या वर्षापेक्षा थोडं वेगळं. धाप उतरते, पण थोडी उरतेच. म्हणजे पानात नत्र उरतं. ते दाण्यात का जात नाही?"

साहेबांना त्यांनी हेच सांगितलं. बाईंचं काम बाजूला पडलं नाही. ते पुढे नेण्यासाठी वाफे पुन्हा पेरायचं ठरलं. मला वाटतं, बाईंना होकारापेक्षा हा नवा प्रश्नच जास्त आवडला असता.

पण ते नंतरचं. त्या सकाळी बांधावरून मिस्त्रींनी विचारलं, "झालं का पान?"

"झालं."

धाकट्या बाईंनी झबलं काढलं, मला सोडवलं, ओठ पुसले आणि पेटीत ठेवून सवयीने तोंड मिटायला बोट लावलं.

"तोंड उघडं ठेवा त्याचं," मिस्त्री जवळ येत म्हणाले. "मिटून ठेवलं की..." आणि ते थांबले. पंप अजून चालूच होता. माझं तोंड उघडं होतं आणि ते अगदी वर वाकलेले. रेघ उंच उडाली. त्यांनी ती पाहिली, आणि दचकून दोन पावलं मागे सरले.

"कशाला मागे जाताय?" धाकट्या बाई म्हणाल्या. "मोजणी संपली. बोला आता."

मिस्त्री बॅटरीवर बसले. मग त्यांनी उलट्या बसवलेल्या पंपाची गोष्ट सांगायला सुरुवात केली.

मित्रांनो, माझे ओठ आता पुन्हा झिजत आले आहेत. आक्काच्या चटईत आणखी दोन भोकं पडली आहेत. तुम्हाला मी कधी हाताळायला मिळालो, तर ओठ पुसा, बॅटरी चार्ज करा, आणि पानाला आधी थोडा अंधार द्या. एवढ्यातलं काही विसरलात तरी चालेल. पण ठेवताना माझं तोंड मिटू नका. घट्ट मिटून फार दिवस ठेवलेलं तोंड नुसतं उघडल्याने नीट होत नाही. कुणाची तरी चटई कापावी लागते.